एका चाकूचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार होतो, वाड्याचा होतो, क्वचित एखाद्या जुन्या नाटकाचाही होतो. चाकूचा जीर्णोद्धार झाल्याचे मात्र आपण ऐकले नसेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तो यथासांग पार पडला. त्या निमित्ताने मला जे पाहायला आणि शिकायला मिळाले, ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

मी पेशाने मराठीचा अध्यापक. हत्यारांशी माझा संबंध यायचा तो शब्दकोशापुरता. ‘सुरी’ संस्कृत ‘क्षुरिके’ची लेक, ‘चाकू’ आणि ‘वस्तरा’ हे फारसीच्या वाटेने आलेले पाहुणे, एवढे मी वर्गात बिनदिक्कत सांगू शकतो. पण घडीच्या चाकूचे आणि आम्हा लेखणीवाल्यांचे नाते याहून जवळचे आहे. इंग्रजीत त्याला ‘पेननाइफ’ म्हणतात, ते पिसाच्या लेखणीला टोक काढायचा चाकू म्हणून. फारसीत त्याचे नाव ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा. आपल्याकडे बोरूने लिहीत, तेव्हा बोरू छाटता येणे हा अक्षर चांगले येण्याचा पहिला धडा होता. बोरूचे टोक एका विशिष्ट तिरकेपणाने छाटले, तरच देवनागरी अक्षराचा जाड-बारीकपणा साधतो. रोमन अक्षरासाठी तो तिरपा छाट बरोबर उलट्या बाजूला द्यावा लागतो. तेव्हा आपल्या सुबक अक्षराच्या मागे एक धारदार पाते उभे होते, हे विसरून चालणार नाही.

असा चाकू पूर्वी बहुतेक प्रौढ माणसांच्या खिशात किंवा फडताळात असे. पेन्सिलीला टोक काढ, आंबा चीर, सुतळी काप, पाकीट फोड, अशी दिवसातून दहा कामे तो करी. मग टोकयंत्रे आली, ब्लेडची पाती आली, आणि हा गृहस्थ निवृत्त झाला. आता विमानात बसताना तो जवळ बाळगायचीही सोय राहिलेली नाही.

निवृत्त झालेल्या अशा वस्तू पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात भेटतात. बुधवारी आणि रविवारी तो भरतो. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, कॅमेऱ्यांची भिंगे, कुलपे, अडकित्ते आणि एकट्या पडलेल्या किल्ल्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. अशाच एका ढिगात, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मध्ये, बोटभर लांबीची एक काळी वस्तू दिसली. गंजाने आणि मळाने ती अशी लिंपलेली होती, की प्रथम मला ती जळके लाकूड वाटली. उचलली तर जड लागली. पाते उघडेना.

“घ्या सर, विलायती माल आहे,” विक्रेता म्हणाला.

“उघडत नाही हो हा.”

“उघडत असता तर सहाशेला दिला असता का? दोन हजार सांगितले असते!”

या तर्कशास्त्रापुढे मी हात टेकले. शेवटी साडेतीनशेला सौदा ठरला आणि विलायती माल माझ्या पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी विसावला.

घरी त्याचे स्वागत कसे झाले, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. “अहो, घरात चार सुऱ्या आहेत, त्यांना कोण धार लावणार?” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या. पुढे तेल, पॉलिश पेपर आणि धारेचा दगड यांचे बिल चारशेवर गेले तेव्हा मात्र, “साडेतीनशेचा चाकू आणि चारशेची त्याची औषधे!” असा शेरा मिळाला. हिशोब बिनचूक होता, त्यामुळे उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या चाकूच्या बाबतीत पहिला नियम असा, की घाई करायची नाही. पाते बसले आहे म्हणून पकडीने ओढू नये. जुने पोलाद कडक असते, ते वाकत नाही, तुटते. पूर्वी अशा कामाला रॉकेल वापरीत. आता शहरात ते मिळणे दुरापास्त, म्हणून मी शिवणयंत्राचे पातळ तेल आणले. काचेच्या बाटलीच्या झाकणात चाकूचे फक्त लोखंडी सांधे भिजतील अशा बेताने तो तिरका ठेवला आणि चार दिवस त्याच्याकडे पाहिले नाही. गोडेतेल मात्र वापरू नये; काही महिन्यांनी ते चिकट होते आणि सांधा पुन्हा धरतो. पाचव्या दिवशी नखाच्या खाचेत जाड कापड धरून हलकेच जोर लावला, तेव्हा कुरकुर करीत मोठे पाते चिमूटभर वर आले. त्या फटीतून तांबडे, दाट तेल बाहेर पडले. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. असे करता करता आठव्या दिवशी दोन्ही पाती उघडली, एक मोठे, एक छोटे.

मग काडीला कापूस गुंडाळून पात्याच्या बुडाशी, सांध्याजवळचा भाग पुसला. चाकूची जन्मपत्रिका तिथे असते. भिंगातून पाहिले तर एक मुकुट, त्याच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे, आणि खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, सहा नंबर, नॉरफोक स्ट्रीट, शेफील्ड, इंग्लंड. शेजारी एक तारा आणि एक माल्टाचा क्रूस. या पेढीच्या नावात ‘जी’च्या आधी ‘डी’ हे अक्षर असते. ते नसेल तर माल नकली असण्याचा संभव मोठा. शेफील्डच्या नावाने खोटा माल इतका खपू लागला होता, की तिथल्या कारखानदारांच्या तक्रारी हे १८८७ सालच्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यामागचे एक मोठे कारण ठरले.

ही अक्षरे म्हणजे कालनिर्णयाचे साधनच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ असे, १९०१ नंतर एडवर्डचे ‘ई आर’ आले, आणि १९१० साली पाचवा जॉर्ज गादीवर आल्यावर ‘जी आर’. चौथा जॉर्जही ‘जी आर’च, १८२२ साली याच पेढीला राजाश्रय मिळाला तो त्याच्याकडून. पण आमच्या चाकूवर ‘इंग्लंड’ हा शब्द होता. परदेशी मालावर देशाचे नाव हवे असा दंडक अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने घातला, आणि त्यानंतर तो शब्द पात्यांवर सर्रास उमटू लागला. म्हणजे हा चाकू १९१० नंतरचा. ताम्रपट वाचणाऱ्याला जो आनंद होत असेल, त्यातला पावशेर तरी मला त्या संध्याकाळी मिळाला.

शेफील्ड हे इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातले गाव. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचाच चाकू खोचला आहे, इतकी ही कीर्ती जुनी. १६२४ साली तिथल्या चाकूवाल्यांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली आणि शेफील्डच्या पात्यांना तोड उरली नाही. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्स पेढीने ७५ पात्यांचा एक प्रचंड चाकू घडवला होता. कारागिरीचा तो दिमाख आजही शेफील्डमध्ये जपून ठेवलेला आहे.

पण या झगमगाटामागची एक गोष्ट वाचून माझा हात थबकला. ही पाती वाळूच्या दगडाच्या मोठमोठ्या चाकांवर घासली जात. घासणारा कारागीर लाकडी खोगिरावर मांडी टाकून, चाकावर ओणवा होऊन दिवसभर बसे. दगडाची आणि पोलादाची धूळ त्याच्या छातीत जाई. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या डॉक्टरांनी या रोगाची वर्णने लिहून ठेवली आहेत. कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांतले कित्येक जण चाळिशी गाठायच्या आतच जात. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला. हातातले बोटभर पाते त्या दिवसापासून मला निराळे दिसू लागले. ज्याच्यासाठी कुणी आपला श्वास खर्ची घातला, ती वस्तू साडेतीनशे रुपयांची म्हणून हेळसांडीने घासून टाकणे मनाला पटेना.

या कामात खरा प्रश्न असतो तो हाच, की घासायचे किती? आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांचे मत स्पष्ट होते. “बाबा, मशीनवर बफ करून घ्या. दोन मिनिटांत आरशासारखा होईल.” आरशासारखा होईल यात शंका नव्हती. पण मग पात्यावरचे ते मुकुट, तारे आणि नाव बोथट होऊन पुसले जातील, पात्याच्या कडा गोल होतील, आणि शंभर वर्षांचा म्हातारा दाढीमिशा काढून, पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखा दिसेल. जुन्या पोलादावर दोन प्रकारचे रंग चढतात. एक तांबडा गंज. तो पोलाद खातो, तो काढलाच पाहिजे. दुसरा करडा-काळसर, फळांच्या रसाने आणि हाताळण्याने येणारा. हा पोलादाला थोडेफार सांभाळतो, आणि चाकूचे वयही सांगतो. तो ठेवावा. पहिला रोगी, दुसरा रापलेला, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

त्याप्रमाणे अगदी बारीक पोलादी लोकर तेलात बुडवून, बुडापासून टोकाकडे एकाच दिशेने पाते घासले. रोज अर्धा तास, असे आठ दिवस. नावाच्या जागी लोकर फिरवलीच नाही. तिथला गंज बांबूच्या टोकदार काडीने टिपला. आतल्या पितळी पट्ट्या पार कळकल्या होत्या. जुन्या भांड्यांना चढतो तसाच तो हिरवा कळंक. काडीने खरवडून आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने तो काढला. मुठीच्या दोन टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या होत्या. त्यात चांदी नावाला नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिलाफ. नुसत्या कापडाने पुसल्या तरी त्या उजळल्या.

मुठीवरच्या पट्ट्या म्हशीच्या शिंगाच्या होत्या. शेफील्डच्या मुठींना लागणारे शिंग हिंदुस्थानातूनही जात असे. शिंग म्हणजे आपल्या नखाच्याच जातीचा पदार्थ. सुकला की तो आकसतो, खिळ्याभोवती तडकतो, आणि कसर लागली तर पोखरलाही जातो. आमच्या चाकूला खिळ्यापासून निघालेली एक चीर होती. घरात आजीची मोडकी शिंगाची फणी होती. तिचा बारीक कीस काढून तो दोन नळ्यांच्या चिकट गोंदात कालवला आणि चिरेत भरला. दुसऱ्या दिवशी घासून सपाट केल्यावर चीर कुठे होती हे शोधावे लागले. सौभाग्यवतींनी भिंग मागून घेतले आणि प्रथमच “बरं जमलंय” असे म्हणाल्या.

छोट्या पात्याचे टोक तुटलेले होते. कुणी तरी त्याने कधीकाळी स्क्रू फिरवला असणार. इथे एक युक्ती सांगून ठेवतो. नवे टोक धारेच्या बाजूने काढायचे नाही, पाठीच्या बाजूने उतरवत आणायचे. धारेकडून काढले तर चाकू मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावते आणि खिशात हात घालणाऱ्याला प्रसाद मिळतो.

आता उरली धार. मोठे पाते मध्यभागी चांगलेच झिजून अरुंद झाले होते, म्हणजे त्याने रोज काम केले होते आणि त्याला वरचेवर धार लागली होती. पात्यात किती जीव उरला आहे हे जाणत्याला विचारावे, म्हणून मी एका वृद्ध शिकलगारांकडे गेलो. ‘सैकल’ म्हणजे पॉलिश. ते करणारा तो शिकलगार. तलवारींना जिल्हई देणारी ही जमात, आता कात्र्या आणि विळ्यांवर पोट भरते. चाचांनी पाते नखावर टेकवून पाहिले, उन्हात धरले, कानाशी नेऊन टिचकी मारली.

“मास्तर, चाकावर लावला तर लगेच चमकवून देईन. तुम्ही खूष होऊन जाल. पण याला मारायचा नाही.”

“म्हणजे?”

“पातं पातळ आहे. चाकावर गरम झालं, निळं पडलं, की त्याचं पाणी उतरलं. मग धार लावा, दोन दिवसांत बोथट. हाताने दगडावर लावा. वेळ लागेल. वेळ आहे ना तुम्हाला?”

हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. पोलाद तापत गेले की आधी गवती पिवळे, मग जांभळे आणि सुमारे ३०० अंशांवर निळे होते, आणि त्यासरशी त्याचा कडकपणा जातो. चाचा शाळा कितवीपर्यंत शिकले ते मी विचारले नाही. धातुशास्त्र मात्र त्यांच्या बोटांत होते. निघताना मी पैसे काढले, तर त्यांनी हात आडवा केला. “काम कुठं केलंय? नुसतं बोललो.” आमच्या पेशात नुसते बोलण्याचेच पैसे मिळतात, हे त्यांना सांगावे असे फार वाटले! त्यांची मुले या धंद्यात नाहीत. एक रिक्षा चालवतो, एक मोबाईलच्या दुकानात आहे. “बरं झालं,” चाचा म्हणाले. “धूळ फार आहे यात.” शेफील्डच्या त्या ओणव्या माणसांची मला आठवण झाली आणि मी काही बोललो नाही.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे घरी कार्बोरंडमचा दुहेरी दगड घेतला, एक बाजू भरड, एक बारीक. पात्याच्या कडेला शाईच्या मार्कर पेनाची रेघ मारावी. दगडावर दोनदा फिरवून पाहावे. शाई धारेपासून पुसली गेली तर कोन बरोबर; वरचीच पुसली तर पाते फार आडवे धरले आहे. साधारण वीस अंशांचा कोन पुरे. एका बाजूने घासत गेले की दुसऱ्या बाजूला बोटाला सूक्ष्म कंगोरा लागतो. तो लागला की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने वीस-पंचवीस हात. आमच्या चिरंजीवांना या कामाची गोडी लागली. कोन हातात बसवणे हे संगणकाच्या खेळापेक्षा अवघड आहे, असा कबुलीजबाब त्यांनी आपण होऊन दिला. चौथ्या दिवशी चाकूने वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता उभा कापला गेला.

हे पाते गंजले, कारण ते स्टेनलेस नाही. न गंजणारे पोलादही शेफील्डमध्येच १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीच्या हातून निघाले, आणि हळूहळू घरोघर पोहोचले. पण साध्या पोलादाला चटकन धार चढते, हा त्याचा मोठा गुण. त्याची देखभाल मात्र करावी लागते. कापून झाले की पुसायचे, ओले मिटायचे नाही, महिन्यातून एकदा सांध्यात तेलाचा एक थेंब. शेफील्डचे कारागीर म्हणत, चाकू चालला पाहिजे आणि बोललाही पाहिजे. म्हणजे पाते लोण्यातून फिरल्यासारखे फिरावे आणि उघडता-मिटताना ‘टक्’ असा खणखणीत आवाज यावा. एका खोलीत बसून संपूर्ण चाकू हाताने घडवणाऱ्या अशा कारागिरांपैकी नामवंत स्टॅन शॉ २०२१ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. आमचा चाकू आता चालतो आणि बोलतो.

एक गोष्ट मी मागे ठेवली होती. मुठीच्या मध्यावर जर्मन सिल्व्हरची एक चिमुकली ढाल बसवलेली आहे. मळ निघाल्यावर तिच्यावर सुईच्या टोकाने कोरलेली अक्षरे दिसू लागली: ‘ग. ना.’ आणि खाली ‘शके १८४४’. म्हणजे इसवी सन १९२२-२३. मुकुटाशेजारच्या अक्षरांवरून काढलेल्या काळाशी ते तंतोतंत जुळले.

चिरंजीव म्हणाले, “ही घासून काढू का? मग ढाल अगदी नवी दिसेल.”

मी त्याला अक्षरे नीट पाहायला सांगितली. ‘ग’चा काना आणि ‘ना’ची वेलांटीसारखी वळलेली रेघ यांत जाड-बारीकपणा आहे. सुईने कोरतानाही ज्याच्या हाताला बोरूचे वळण सुटले नाही, असा हा माणूस. आपल्यासारखाच कुणी लेखणीवर पोट भरणारा असावा. त्याने हा चाकू हौसेने विकत घेतला, नाव घातले, पाते झिजेपर्यंत वापरले. गंज हा काळाने केलेला उपद्रव. तो काढायला आपल्याला मुभा आहे. पण हे नाव माणसाने घातलेले आहे. विकत घेतल्याने वस्तू आपली होते, तिची आधीची वर्षे आपली होत नाहीत. मुलगा थोडा वेळ ढाल न्याहाळीत राहिला. मग त्याने पोलादी लोकर डब्यात टाकून झाकण लावले.

यंदा खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री, त्याचा लॅपटॉप आणि हा चाकू यांची एकत्र पूजा झाली. दुसऱ्या आठवड्यात मी तो वर्गात नेला आणि बोरू छाटून फळ्याशेजारी लावलेल्या कागदावर ‘श्री’ काढून दाखवला. मुलांनी बोरू प्रथमच पाहिला होता. तास संपल्यावरही पाच-सहा जणी टेबलाभोवती थांबल्या आणि प्रत्येकीने आपापले नाव लिहून पाहिले.

वाचकहो, आपल्याही घरात खिळ्यांच्या डब्यात किंवा देवघराच्या खणात असा एखादा काळा पडलेला चाकू, अडकित्ता किंवा कात्री असेल. भंगारवाल्याला देण्यापूर्वी थेंबभर तेल घालून त्याच्या बुडाशी काय लिहिले आहे ते एकदा पाहा. परवा चिरंजीवांनी विचारले, “बाबा, त्या ढालीवर ‘ग. ना.’च्या खाली थोडी जागा आहे. तिथे माझी अक्षरे कोरू का?” मी म्हटले, “कोर की. पण आधी दहा वर्षे वापर.” तेव्हापासून घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोके आहेत.